अंडी फोडणारी काळी आणि किलोभर ज्वारी

पत्र: सर, आमच्याकडे १४ कोंबड्या आणि ३ कोंबडे आहेत. बहुतेक गावरान, चार-पाच गिरिराज. दिवाळीपर्यंत दिवसभर मोकळ्या असायच्या. मग शेजारच्या भाऊजींच्या मेथीच्या वाफ्यात शिरल्या, बोलाचाली झाली, तेव्हापासून आठ बाय सहाच्या पत्र्याच्या खुराड्यात बंद आहेत. खायला काही कमी करत नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून किलोभर ज्वारी, उरलेला भात-भाकरी आणि घरचं सोयाबीन मूठभर भिजवून. तरी महिन्याभरापासून काळी कोंबडी अंडं फोडून खाते, तिचं बघून आणखी दोघी शिकल्या. कवचं इतकी पातळ की हातात चेपतात. एकमेकींची पिसं उपटतात, चौघींच्या पाठी उघड्या पडल्या आहेत. नकटीला तर कुणी खाऊच देत नाही. मावशींनी सांगितलं म्हणून अंड्यात तिखट भरून ठेवलं, काळीने तेही खाल्लं. सासूबाई म्हणतात, काळीची चोच डाग नाहीतर तिला कापून टाक. काय करू?
– एक वाचक, कोरेगाव तालुका

ताई, आधी तिखटाचं सांगतो, कारण तेवढं वाचून मी एकटाच हसत बसलो होतो. मिरचीचा जाळ आपल्याला लागतो, गायी-म्हशींना लागतो, उंदराला लागतो. पाखरांना लागत नाही. तो जाळ ओळखणारी जी यंत्रणा आपल्या जिभेत आणि नसांत असते, ती पाखरांत असते खरी, पण मिरचीला दाद देत नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची कशी मिटक्या मारत खातो, ते आपण लहानपणापासून बघतो, पण तेच कोंबडीला लागू आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणजे तुम्ही काळीला शिक्षा केली नाहीत, मसाला घालून अंडं वाढलंत. मावशींना काही बोलू नका. हा सल्ला मला गावोगावी भेटला आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात तीन-चार तक्रारी आहेत, पण मला त्यात एकच दिसते, आणि ती काळीची नाही. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. दिवाळीला दार बंद झालं. खाणं मात्र तेच राहिलं.

मोकळी कोंबडी ज्वारीवर जगत नाही. ज्वारी ही तिची न्याहारी. बाकीचं ती दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यामागे, बांधाला कमावते: किडे, गांडुळं, वाळवी, कोवळं गवत, पडलेलं बी, चुन्याचे खडे, भिंतीचे पोपडे. त्या कमाईचा आपण कधी हिशोब ठेवला नाही, कारण ती फुकट होती. दार लावलं तेव्हा ती कमाई बंद झाली आणि ओंजळ मात्र तेवढीच राहिली.

तो हिशोब एकदा मांडूच. लहान-मोठी मिळून एका पाखराला दिवसाला सरासरी १०० ग्रॅम तरी खाणं लागतं. गावरान थोडं कमी खाईल, गिरिराज जास्त. तुमच्याकडे १७ तोंडं, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. तुम्ही घालता किलोभर. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ६० ग्रॅम, आणि तेही सारखं वाटलं गेलं तर. ज्वारीत प्रथिनं शेकडा १० धरली तर ६० ग्रॅमांत झाली ६ ग्रॅम. आणि एका अंड्यातच साडेपाच-सहा ग्रॅम प्रथिनं जातात. मग तिने स्वतः काय वापरायचं? कॅल्शियमचं तर विचारूच नका. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. तुमच्या ६० ग्रॅम ज्वारीतून तिला मिळतं २० मिलिग्रॅमच्याही आत. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते. हाडं पुरेनाशी झाली की कवच पातळ होतं, पातळ कवच पायाखाली फुटतं, आणि फुटलेल्या अंड्याची चव एकदा चोचीला लागली की संपलं. काळी चोर नाही हो. तिच्यासमोर प्रथिनं आणि चुना यांचं आयतं ताट तुम्हीच ठेवलंत.

पिसांचंही तसंच. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. उपटलेलं पीस कोंबडी टाकून देते की गिळते, ते बघा. गिळत असेल तर ती भांडत नाहीये, तिला ते हवं आहे.

सोयाबीनवर जरा थांबतो, कारण इथे तुमचा हेतू चांगला आणि गफलत मोठी आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये एक घटक असतो, जो पोटात प्रथिनं पचूच देत नाही. भिजवून तो जात नाही, त्याला आचच लागते. म्हणजे तुम्ही प्रथिनं म्हणून जे घालता, ते स्वतः नीट पचत नाही आणि सोबतच्या ज्वारीचंही पचू देत नाही. मोठ्या कोंबड्या तग धरतात, पण पिल्लांची वाढ साफ खुंटते. सोयाबीन घरचंच आहे तर सोडू नका. लोखंडी कढईत मंद आचेवर, आतपर्यंत भाजलं जाऊन खमंग वास येईपर्यंत परता, गार करा आणि भरडून घाला. किंवा सरळ सोयाबीनची पेंड आणा, तिच्यावर गिरणीत उष्णतेची प्रक्रिया झालेली असते.

दुकानात अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य मिळतं, शेकडा १६ ते १८ प्रथिनांचं. १७ पाखरांसाठी ते आणलं तरी चालेल, फक्त ब्रॉयलरचं घेऊ नका. घरीच करायचं असेल तर दहा किलोचं माप देतो. ज्वारी, मका, तांदळाची कणी, जे असेल त्याचा भरडा साडेपाच किलो. सोयाबीनची पेंड दोन किलो. गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा दीड किलो. शिंपल्यांचा चुरा पाऊण किलो. जनावरांच्या दवाखान्यात किंवा खाद्याच्या दुकानात मिळणारं खनिज मिश्रण पाव किलोच्या आत. मीठ फार तर ३० ग्रॅम. बाजारच्या दिवशी स्वस्त सुकट मिळाली तर पेंडीतली थोडी कमी करून ती कुटून घाला, कोंबड्यांच्या दृष्टीने ते सोनं आहे. पण सुकट खारवलेली असते, तेव्हा वरचं मीठ बंद करा. मीठ अजिबात नसलं तरी पाखरं एकमेकींना टोचतात आणि जास्त झालं तर मरतात. सुकट फार घातलीत तर अंड्याला वास येईल, आणि मग सासूबाई मला शिव्या देतील.

पेंड घेताना मूठभर हातात घेऊन हुंगा. कुबट वास, गुठळी, हिरवट-काळी बुरशी, यातलं काहीही असलं तर फुकट मिळाली तरी नको. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले होते. कारण निघालं शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. मला हे पुस्तकातून पाठ होतं, तरी एका पावसाळ्यात स्वस्तात मिळतेय म्हणून मी शेंगपेंडेचं पोतं उचललं. 'वरचाच थर ओला आहे' म्हणाला दुकानदार, आणि मीही मान हलवली. नऊ कोंबड्या गेल्या. जनावरांच्या डॉक्टराच्या घरच्या.

शिंपला मिश्रणात घातला तरी आणखी थोडा वेगळ्या वाटीत ठेवा, आणि ती वाटी संध्याकाळी भरा. त्यालाही कारण आहे. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास निव्वळ कवच चढण्यात जातात, आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं. तेव्हा झोपायला जाताना तिच्या पोटात जाडसर शिंपला असेल तर तो रात्रभर हळूहळू विरघळत कामाला येतो. गंमत म्हणजे हे तिला कळतं. दुपार कलली की अंड्यावरची कोंबडी आपणहून त्या वाटीकडे वळते, कोंबडा सहसा वळत नाही. शिंपला मिळाला नाही तर स्वयंपाकघरातली अंड्याची टरफलं तव्यावर कडक वाळवून पार चुरा करून द्या. अर्धी कवटी मात्र कधीच टाकू नका, नाहीतर अंडं म्हणजे खायची वस्तू हा धडा तुम्हीच पक्का कराल. आणि पिल्लं निघाली तर त्यांना हे मिश्रण नाही. वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडाला इतका चुना सोसत नाही.

जाड वाळू किंवा बारीक खडेही ठेवा. दात नसल्यामुळे ती दाणे दळते पोट्यात, म्हणजे पोटा-कलेजीतल्या त्या जाड मांसल पिशवीत, आणि जात्याला दगड लागतोच. मोकळी असताना ते ती स्वतः वेचत होती.

आता पाठी. चौघींच्या पाठी उघड्या पडल्यात असं लिहिलंत, पण नेमकं कुठे, ते लिहिलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. आज संध्याकाळी अंधार पडल्यावर एकेकीला काखेत धरा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पिसं शेपटीच्या मुळाशी गेली असतील, तिथे खुडलेले ठोंब किंवा रक्त असेल, तर ते टोचणं आहे. पाठीच्या मध्यावर आणि डोक्याच्या मागे मानेवर गेली असतील, तर तो नरांचा उद्योग: वर चढताना कोंबडा चोचीने मान धरतो आणि पंज्यांनी पाठीवर तोल सांभाळतो. आणि मानेपासून सगळीकडेच विरळ होऊन खालून नव्या पिसांच्या काड्या फुटत असतील, तर ती नुसती पीसझड आहे, तिला औषध नाही. हाताशी आहे तोवर पंखाखाली आणि गुदाजवळ उवाही बघून घ्या. दिसल्या तर एका घमेल्यात चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती कोपऱ्यात ठेवा, त्या स्वतःच लोळून घेतील. फार असतील तर दवाखान्यातून औषध आणा.

मला वाटतं, तुमच्याकडे टोचणं आणि कोंबडे दोन्ही आहेत. चौदा माद्यांना तीन कोंबडे फार झाले. आठ-दहांना एक पुरतो, आणि अंडी फक्त खायची असतील तर एकही लागत नाही, कोंबडीला अंडं घालायला कोंबडा लागत नाही. बंद जागेत तिघेही दोन-चार आवडत्या माद्यांच्याच मागे असतात. बहुधा त्याच तुमच्या त्या चौघी.

रक्त दिसलेली कोंबडी लगेच वेगळी काढा. जखमेवर दवाखान्यातलं जांभळं औषध लावा. लाल रंगाचं लावू नका, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच तुटून पडतात. जखम भरल्यावर तिला रात्री, सगळ्या झोपल्यावर आत सोडा. उजेडी सोडलीत तर पाहुणी समजून तिला पुन्हा नव्याने बडवतील.

नकटीचं मन लागून राहिलं माझं. थोरलेइफ श्येल्डेरुप-एबे नावाचा एक नॉर्वेचा माणूस लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत बसायचा, आणि १९२१ साली त्याने त्यावर प्रबंधच लिहिला: कळपात कोण कुणाला टोचणार, याची ठरलेली उतरंड असते. वरची खालच्या सगळ्यांना टोचते, आणि तळाचीने कुणालाच टोचायचं नाही. ही उतरंड तुम्ही मोडू शकत नाही, मोडूही नये. ती ठरलेली असते म्हणूनच रोज मारामारी होत नाही. पण मोकळ्या अंगणात नकटीला चार पावलं बाजूला होता येत होतं. ४८ चौरस फुटांत ती जाणार कुठे? खाण्याची भांडी दोन करा आणि अशी ठेवा की एकाजवळ उभं राहून दुसरं दिसणार नाही. मध्ये एखादी फळी उभी केली तरी पुरे. पाणीही दोन ठिकाणी. मग पाट घेऊन अर्धा तास बाहेर बसा. मोबाइल आत ठेवा. कोण कुणाला हाकलतं, नकटी कधी खाते, किती वेळ खाते, ते बघा. हे तुम्हाला मी साताऱ्यात बसून सांगू शकत नाही.

अंडं घालायला बसायचं एक घर चार-पाच जणींना पुरतं, तेव्हा तीन हवीत. जुन्या डालपाट्या चालतील. तळाशी भरपूर काड घाला, खुराड्यातल्या सगळ्यात काळोख्या कोपऱ्यात ठेवा, आणि वरून गोणपाटाचा पडदा सोडा. अंधारात अंडं दिसत नाही, म्हणून टोचलं जात नाही. प्रत्येक पाटीत अंड्याएवढी एक पांढरी गारगोटी ठेवा. काळी येईल, चार ठोके मारेल, चोच शेकून परत जाईल. अंडी बहुतेक दुपारच्या आतच पडतात, त्यामुळे सकाळी नऊ, अकरा आणि एक अशा तीन फेऱ्या मारल्यात की आत खायला उरणार नाही. खरी चोर कोण, हे ओळखायचं असेल तर चोचीच्या बाजूला आणि गळ्याखालच्या लोळ्यांवर वाळलेलं पिवळं शोधा. काळीचं नाव पुढे आलंय, पण मी अशा प्रकरणांत निरपराध कोंबडी कापली गेलेली पाहिली आहे.

चोच डागू नका. पिंजऱ्यातल्या व्यावसायिक कोंबड्यांची चोच यंत्राच्या तापल्या पात्याने कापतात, तीही पिल्लूपणीच आणि जाणकाराच्या हाताने. चुलीतल्या उलथन्याने मोठ्या कोंबडीची चोच डागणं म्हणजे तिचा हातच भाजणं. मग ती किडा वेचणार कशाने?

बंदिस्ती सैल करायला हवी, त्याशिवाय वरचं सगळं अर्धवट राहील. भाऊजींशी पुन्हा वाद नको, म्हणून दिवसभर नाही, फक्त शेवटचे दोन तास सोडा. साडेचारला आत पोटभर खायला घालून मगच दार उघडा. भरल्या पोटी कोंबडी लांब जात नाही, आणि दिवस बुडाला की आपल्या पायांनी घरी येते, हाकलावी लागत नाही. मेथीच्या बाजूने पाच-सहा फूट उंच शेडनेट ओढा. गावरान तीही उडून जाईल, तेव्हा तिच्या एकाच पंखाची बाहेरची लांब पिसं कात्रीने अर्ध्यावर कापा. दोन्ही पंखांची कापलीत तर तोल राहतो आणि ती उडतेच. पिसाच्या दांड्यात रक्त दिसत असेल तर ते पीस तसंच राहू द्या. उरलेल्या वेळेत आत कामाला लावा: कोथिंबिरीच्या, मुळ्याच्या पाल्याची जुडी त्यांना मान उंच करावी लागेल इतक्या उंचीवर टांगा, थोडी ज्वारी भुसकटात उधळा. उकरायला मिळालं की टोचायला वेळ उरत नाही.

आणि पत्रा! होळी झाली की तो तापेल. उन्हाने धापा टाकणारी कोंबडी नुसती दमत नाही. धापेबरोबर रक्तातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो आणि कवच घडवायला लागणारा मालच कमी पडतो. त्यामुळे शिंपला घालूनही वैशाखात कवचं पातळ होतात. तुमच्या भागात उसाचं पाचट मुबलक, त्याचा वीतभर थर पत्र्यावर घाला, दुपारी पाणी मारा. पिण्याचं पाणी मडक्याच्या परळात, सावलीत. खाणं पहाटे आणि उतरत्या उन्हात.

अंड्यांची संख्या कमी झाल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण झालीच असणार. त्यातला काही भाग थंडीतल्या लहान दिवसांचा असतो, तो आता आपसूक भरून येईल. गावरान कोंबडीला बल्ब लावून अंडी वाढवायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. राणीखेत रोगाची लस मात्र झाली नसेल तर सगळ्यांची एकदम करून घ्या, आणि चार महिने एकाच जागी बंद आहेत म्हणून जंताचं औषधही. कुणी मान वाकडी करून बसली, हिरवट पातळ हगली, घुरघुरली, तर हे सदर वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

कवचं आठ-पंधरा दिवसांत घट्ट लागतील. मुळापासून उपटलेली पिसं महिना-दीड महिन्यात येतील, अर्धवट तुटलेली मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत तशीच राहतील, ती बघून घाबरू नका. गारगोट्या महिनाभर राहू द्या. त्यानंतरही पोटभर खाऊन, शिंपला खाऊन, अंधाऱ्या पाटीत जाऊन काळीच अंडं फोडत असेल, तर सासूबाईंचं ऐका, मी मध्ये येणार नाही. पण सुरीला हात घालायचाच तर आधी त्या तीन नरांपैकी दोघांचा नंबर लावा. पाडव्यापर्यंत थांबायचंही कारण नाही.